सुकी लाकडं

वैशाखात बाबांनी मांगर रिकामा करायला घेतला.
जुनं जाळं, फुटका रहाट, माझी शाळेतली ट्रंक
सगळं अंगणात आणून टाकलं
आणि आत मधोमध, चार जांभ्या दगडांवर,
लाकडं रचायला लागले.
आंबा थोडा, किंजळ जास्त,
तळाला ऐनाचे दोन जाड ओंडके.
मी विचारलं, कुणाची होडी घेतलीय?
म्हणाले, "नाय. माझीच."

पन्नास वर्षं होड्या बांधलेला माणूस.
लाकडावर बोटाचं पेर वाजवून सांगायचे
आत अजून किती पाणी आहे.
जानेवारीत मालवणच्या डॉक्टरांनी
कागदावर हृदय काढून दाखवलं,
तर कागद उलटसुलट फिरवून विचारलं होतं,
"सांधो खंय सुटलो?"

तेव्हापासून रात्री उठून बसत.
आधी खोकला, मग दाराची कडी,
मग मांगरातला दिवा.
एकदा मी मागोमाग गेले.
राशीशेजारी उकिडवे बसले होते,
हात लाकडावर, ताप बघावा तसा.
"माका मरणाचा भय नाय गो," म्हणाले,
"माका ओल्या लाकडाचा भय."

मी हसले.
मग आठवलं.

आई आषाढात गेली होती.
तीन दिवस पाऊस उघडला नव्हता, आचऱ्याची खाडी रस्त्यावर.
मसणवटीत तेव्हा शेड नव्हती.
चौघांनी वर ताडपत्री धरली
आणि लाकडं नुसती फुसफुसत राहिली,
कडांतून पाणी गाळत.
डिझेल आणलं. सोडणं आणली.
शेवटी कुणीतरी टायर.
मी बाई म्हणून घरी. मला फक्त वास आला,
दुपारपासून दिवेलागणीपर्यंत.
बाबा परतले ते थेट विहिरीवर,
आणि एवढ्या पावसात उभे राहून
कळशीमागून कळशी अंगावर ओतत राहिले.
मीच शेवटी दोर काढून घेतला हातातला.

खोटं कशाला, भीती मलाही होती.
पण माझी साधी. एका सकाळी चहाला हाक मारेन
आणि ओ येणार नाही. एवढीच.
ती रचून ठेवायला माझ्याकडे मांगर नव्हता.

श्रावणात, नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना,
प्रल्हाद सारंगांचा उमेश गेला.
एकतीस वर्षांचा. सड्यावर गवत कापताना फुरसं चावलं,
कणकवलीला पोचेपर्यंत संपलं सगळं.
पाऊस होताच.
पडवीत माणसं कुजबुजत होती,
लाकडांचं कसं करायचं.

बाबा उठले, काठी न घेता.
टेम्पो मांगराच्या दारात लावायला सांगितला
आणि एकेक लाकूड पेराने वाजवून
स्वतः हातात दिलं पोरांच्या.
ऐनाच्या ओंडक्यांपाशी आले तेव्हा मी म्हटलं,
थोडी राहू देत.
कुणासाठी, ते म्हटलं नाही.
त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"झिलाक लागतली," म्हणाले.

संध्याकाळी आले. विहिरीवर दोन कळश्यांत आटपलं.
ओटीवर बसून राहिले.
"बरी पेटली," म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"लाकडान आवाज नाय केल्यान."

त्या रात्री मी जागी होते.
खोकला नाही, कडी नाही.
घोरत होते. ज्या घोरण्यावरून आईने
आयुष्यभर त्यांना शिव्या घातल्या, तेच.
मी ऐकत पडले
आणि कधी झोपले कळलं नाही.

आता पुन्हा वैशाख.
मांगरात चार जांभे तसेच आहेत.
त्यांच्या मधल्या जागेत सारंगांची कोंबडी येऊन अंडी घालते,
स्वतःच्या घरी का घालत नाही, कोण जाणे.
अंडी मी नेऊन देते. उमेशची आई दोन घेते,
दोन परत माझ्या ओच्यात ठेवते.

परवा जेवताना विचारलं, लाकडं भरूया?
बाबा बांगड्याचे काटे काढत होते.
"भरूक होयीच," म्हणाले,
"पण माझी म्हणान भरू नको."
काटा ताटाच्या कडेला लावला.
"आणि ताडपत्री घट्ट बांधू नको.
वारो लागाक होयो."